डिस्क बदलण्याआधी

गाडी साठ-सत्तरच्या वेगात असताना ब्रेकवर पाय ठेवला आणि हातातले स्टिअरिंग थरथरू लागले, की उपनगरातल्या गाडीमालकाला दोन ठरलेले सल्ले मिळतात. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधला अ‍ॅडव्हायजर म्हणतो, पुढच्या दोन्ही डिस्क आणि पॅड बदलावे लागतील. कोपऱ्यावरच्या गॅरेजमधला म्हणतो, ‘डिस्क आउट झालीय साहेब, लेथवर फेसिंग मारून आणतो, नवीन कशाला टाकता?’ एकाचे बिल काही हजारांचे, दुसऱ्याचे काही शेकड्यांचे. दोघेही ठामपणे बोलतात आणि बहुतेक वेळा दोघांपैकी कुणीही डिस्क मोजलेली नसते.

यातला कोण बरोबर, हा वाद सोसायटीच्या पार्किंगमध्ये रविवारी सकाळी हमखास रंगतो. ज्याला सर्व्हिस सेंटरने एकदा मोठे बिल लावले तो एका बाजूला, ज्याची गाडी गल्लीतल्या दुरुस्तीनंतर पुन्हा रस्त्यात थांबली तो दुसऱ्या. अनुभव दोघांचेही खरे असतात. पण भांडण कुणावर विश्वास ठेवायचा याचे चालते आणि गाडीला नेमके काय झाले आहे, हे बाजूलाच राहते. तेव्हा आधी गाडीकडे पाहू, माणसांकडे नंतर वळू.

हा दोष मुंबईच्या उपनगरांत उशिरा कळतो, त्याला कारण आहे. लहान गाडीच्या चौदा इंची चाकाचा घेर टायर धरून दोन मीटरच्या आसपास असतो. ताशी ८० किलोमीटरला असे चाक सेकंदाला अकरा-बारा वेळा फिरते. डिस्कवर एखादी जागा इतर भागापेक्षा जाड असेल, तर दर फेरीला ब्रेक तिथे जरा जास्त पकडतो, म्हणजे सेकंदाला अकरा-बारा झटके. पुढच्या सस्पेन्शनची आणि स्टिअरिंगची स्वतःची थरथरण्याची एक लय असते आणि ती बहुधा याच पट्ट्यात पडते. दोन्ही लयी जुळल्या की बारीकसा झटका मोठा होऊन हातापर्यंत पोचतो. वेग तिसावर आला की झटके चालूच राहतात, पण लय सुटते आणि थरथर विरून जाते. अंधेरी-कुर्ला रस्त्यावर, साकीनाक्याला किंवा एलबीएस मार्गावर मेट्रो ४ च्या बॅरिकेडना चिकटून घाटकोपरहून मुलुंडकडे सरकणाऱ्या गाडीला तो वेग मिळतच नाही. मग एखाद्या रात्री विमानतळाहून बोरिवलीला परतताना पश्चिम द्रुतगती महामार्ग मोकळा सापडतो, किंवा पुण्याला निघालेली गाडी लांबच्या रिकाम्या लेनमध्ये टोलनाक्याआधी ब्रेक मारते, आणि मालकाला वाटते की दोष आज उद्भवला. तो कित्येक महिने वाढत असतो.

‘डिस्क वाकली’ हे आपल्याकडचे सर्वांत लाडके निदान. त्याची कथाही ठरलेली: गरम डिस्कवर पाणी पडले, अंधेरी सबवेच्या पाण्यातून गाडी काढली, आणि डिस्क वाकडी झाली. यात तथ्य अजिबात नाही असे म्हणता येणार नाही. पण ओतीव लोखंडाची ती जाड चकती शहरातल्या ब्रेकिंगने सहज पीळ खात नाही. थरथर येते ती मुख्यतः जाडीतल्या फरकामुळे, आणि तो फरक डोळ्यांना दिसत नाही. डिस्कच्या एका भागाची जाडी दुसऱ्या भागापेक्षा ०.०१५ ते ०.०२ मिलिमीटरने जास्त असली तरी अनेक गाड्यांत ते स्टिअरिंगवर जाणवते. गॅरेजमधल्या व्हर्नियरने हे पकडता येत नाही. शिवाय व्हर्नियरचे जबडे डिस्कच्या कडेला साचलेल्या गंजाच्या ओठावर टेकतात आणि माप भलतेच येते. त्यासाठी मायक्रोमीटर लागतो, आणि कडेपासून सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर आत, गोलाकार सात-आठ ठिकाणी माप घ्यावे लागते.

हा फरक निर्माण कसा होतो, हे कळले तर अर्धा वाद मिटतो. डिस्क हबवर बसते. ती अगदी सरळ बसली नाही, तर फिरताना किंचित डोलते. या डोलण्याला रनआउट म्हणतात आणि ते डायल गेज लावून मोजतात. बसवलेल्या डिस्कला साधारण ०.०५ ते ०.१० मिलिमीटरपर्यंतच रनआउट चालतो. नेमकी मर्यादा मॉडेलगणिक वेगळी. डिस्क डोलते तेव्हा पाय ब्रेकवर नसतानाही तिची पुढे आलेली बाजू दर फेरीला पॅडला घासून जाते. एका घासण्याने काही होत नाही. पाच-सहा हजार किलोमीटर झाले, की तेवढीच जागा झिजून पातळ होते आणि जाडीतला फरक तयार होतो. म्हणजे मूळ दोष बसवण्यातला, आणि त्याची शिक्षा काही महिन्यांनी डिस्कला.

आता मुंबईचा विचार करा. चार महिने पाऊस, वर्सोवा-गोराईकडून येणारी खारी हवा, आणि आठवडाभर सोसायटीत उभी राहून शनिवारी निघणारी गाडी. हबच्या तोंडावर गंजाचा थर चढतो. जुनी डिस्क काढून नवी बसवताना तो थर वायर ब्रशने घासून साफ केला नाही, तर नवी डिस्क गंजावर टेकते. हबच्या कडेला ०.०५ मिलिमीटरचा, म्हणजे बारीक केसाएवढा, गंजाचा कण राहिला तरी २४० मिलिमीटर व्यासाच्या डिस्कच्या कडेपर्यंत पोचताना ते डोलणे जवळपास दुप्पट होते. अनेक गाड्यांत मर्यादा तिथेच ओलांडली जाते. नवी कोरी डिस्क टाकल्यावर गाडी लोण्यासारखी थांबते आणि चार महिन्यांनी तीच थरथर परत येते, तेव्हा लोक ‘माल डुप्लिकेट होता’ म्हणतात. कधी तसा असतोही. पण त्याआधी हब साफ केला होता का, हे विचारायला हवे.

दुसरा गुन्हेगार टायरवाल्याकडची हवेची गन. पंक्चर काढले, गन लावली, टर्रर्र करून चारही नट क्षणात आवळले आणि गाडी सोडली. एक नट भरपूर आवळलेला, शेजारचा कमी, असे झाले की डिस्क आणि हब यांच्यावर असमान ताण येतो आणि रनआउट वाढतो. नट किती आवळायचे याचा आकडा गाडीच्या पुस्तिकेत असतो. त्यासाठी टॉर्क पाना लागतो आणि समोरासमोरचे नट आलटून पालटून आवळावे लागतात. उपनगरातल्या किती टायरच्या दुकानांत टॉर्क पाना भिंतीवर नुसता टांगलेला न दिसता हातात दिसतो, हे वाचकांनीच आठवून पाहावे.

तिसरे कारण पॅड दाबणारा कॅलिपर. ज्या पिनांवर तो सरकतो त्यांचे रबरी बूट फाटले, की पावसाचे पाणी आणि चिखल आत जातो, ग्रीस धुऊन जाते आणि पिना जाम होतात. मग पॅड डिस्कला कायम घासत राहतो, ते चाक तापते आणि पॅडचे साहित्य डिस्कवर चट्ट्याचट्ट्यांनी चिकटते. वेगात येऊन जोरात थांबायचे आणि मग लांबलचक सिग्नलला तापलेल्या डिस्कवर ब्रेक दाबून उभे राहायचे, यानेही पॅडचा ठसा उमटतो. कॅलिपर जाम आहे का, याची खूण सोपी आहे: प्रवासानंतर एका बाजूचा रिम दुसऱ्यापेक्षा बराच गरम, त्यावर काळी भुकटी जास्त, आणि बहुधा ब्रेक मारताना गाडी एका अंगाला ओढते. डिस्कला हात लावू नका, भाजेल; रिमच्या जवळ तळहात धरला तरी फरक समजतो.

दरवेळी दोष पुढच्या डिस्कचाच असतो असेही नाही. ब्रेक न दाबताही ऐंशी-नव्वदला स्टिअरिंग थरथरत असेल, तर आधी बॅलन्सिंग, फुगलेला टायर किंवा खड्ड्यात वाकलेला रिम पाहावा. अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर थरथर येत असेल तर ड्राइव्ह शाफ्टच्या जॉइंटवर संशय घ्यावा. स्टिअरिंग शांत, पण सीट आणि पेडल हलते, तर मागचे ड्रम गोलाई हरवून बसलेले असू शकतात. ज्यांच्या गाडीला हाताने ओढायचा केबलचा हँडब्रेक आहे, त्यांना एक जुनी चाचणी करता येते: कोरड्या, रिकाम्या, सरळ रस्त्यावर तीस-चाळीसच्या वेगात बटण दाबून धरून हँडब्रेक हलकेच ओढायचा. तो फक्त मागच्या चाकांवर चालतो. तेव्हा थरथर आली तर दोष मागे. नाही आली तर पुढे पाहायचे, मात्र काही दोष वेग वाढल्यावरच बोलतात हे लक्षात ठेवायचे. बटणाच्या इलेक्ट्रॉनिक पार्किंग ब्रेकवर हा प्रयोग मुळीच करू नये. आणि ओल्या रस्त्यावर एकदम जोरात ब्रेक मारल्यावर पेडल पायाखाली खडखडले तर ते एबीएसचे काम आहे. २०१९ पासून सर्व नव्या मोटारींना एबीएस सक्तीचे झाले, तरी या खडखडाटाला घाबरून पाय उचलणारे आणि दुसऱ्या दिवशी गॅरेज गाठणारे अजून कमी झालेले नाहीत.

सस्पेन्शनच्या बुशचा प्रश्न मात्र खरोखर गुंतागुंतीचा आहे. लोअर आर्मचे रबरी बुश, बॉल जॉइंट, टाय रॉड एंड हे भाग उपनगरातल्या खड्ड्यांत, पेव्हर ब्लॉकच्या उंचवट्यांवर आणि काँक्रीटच्या अर्धवट कामांच्या कडांवर लवकर खिळखिळे होतात. नुसता बुश फाटल्याने डिस्कची जाडी बदलत नाही. पण डिस्कमधला जो झटका चांगल्या बुशने गिळला असता, तो फाटका बुश सरळ स्टिअरिंगकडे पाठवतो. त्यामुळे सारख्याच झिजलेल्या डिस्कच्या दोन गाड्यांपैकी एक थरथरते आणि दुसरी नाही. मेकॅनिक बुश बदलतो, थरथर कमी होते आणि त्याला वाटते निदान बरोबर आले. ते अर्धे बरोबर असते. उलट नवी डिस्क टाकून बुश तसेच ठेवले, तरी काही काळ सारे गोड वाटते.

हे सगळे ध्यानात घेऊन आता त्या दोन सल्ल्यांकडे परत जाऊ.

सर्व्हिस सेंटर सरसकट डिस्क बदला म्हणते, त्यामागे नुसती लूट पाहणे अन्यायाचे होईल. तिथे कामाचा वेळ ठरलेला असतो. सकाळी गाडी आत, संध्याकाळी बाहेर. तिथला मेकॅनिक अर्धा तास डायल गेज लावून बसला तर त्या अर्ध्या तासाचे पैसे कोणत्या रकान्यात लिहायचे, हे जॉबकार्डाला माहीत नसते. गाडी पुन्हा तीच तक्रार घेऊन आली तर ते काम फुकट करावे लागते आणि तिथल्या माणसाला वरून बोलणीही खावी लागतात. ब्रेकसारख्या भागात जोखीम घेण्यापेक्षा नवा भाग टाकणे त्यांना सुरक्षित वाटते. किमान जाडीच्या जवळ आलेल्या डिस्कला तोच सल्ला योग्यही असतो. गोम एवढीच, की तीस हजार किलोमीटर झालेल्या आणि भरपूर जाडी शिल्लक असलेल्या डिस्कलाही तोच सल्ला मिळतो. आणि डिस्क-पॅड हे झिजणारे भाग म्हणून बहुधा वॉरंटीत धरले जात नाहीत, त्यामुळे चुकीच्या निदानाचा भार ग्राहकावरच पडतो.

गल्लीतल्या मेकॅनिकची बाजूही तितक्याच सहानुभूतीने पाहिली पाहिजे. लेथवर नेण्याची त्याची सवय आकाशातून पडलेली नाही. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यातून १९६४ पासून फियाट ११०० डिलाइट निघू लागली आणि पुढे तीच पद्मिनी झाली. तिच्या चारही चाकांना ड्रम ब्रेक होते. ड्रमची गोलाई बिघडली की तो लेथवर आतून कापून घ्यायचा आणि नवे लायनर टाकायचे, हे काम मुंबईच्या टॅक्सीधंद्याने हजारो वेळा केले, आणि ते योग्यच होते: ड्रम जाड होता, कापायला जागा होती, नवा ड्रम महाग होता. शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये वयोमर्यादा संपून रस्त्यावरून उतरली. कारखान्याच्या जागी आता कोहिनूर सिटी आहे. ती गाडी गेली, पण तिच्यावर हात बसलेल्या उस्तादांचे शागिर्द आणि त्या शागिर्दांचे शागिर्द अजून कुर्ला-कलिन्याच्या सीएसटी रोडपासून दहिसरपर्यंत काम करत आहेत, आणि ड्रमचे शहाणपण डिस्कला लावत आहेत.

डिस्कचे गणित वेगळे आहे. नवी डिस्क आणि टाकाऊ डिस्क यांच्या जाडीत साधारण दोनेक मिलिमीटरचाच फरक असतो. फेसिंगमध्ये दोन्ही बाजूंनी थोडे थोडे गेले की तिचे आयुष्य बरेच संपते, आणि पातळ डिस्क लवकर तापते. त्याहून मोठी अडचण अशी, की साध्या लेथच्या चकमध्ये धरलेली डिस्क त्या चकच्या अक्षाला सरळ कापली जाते. गाडीच्या हबच्या अक्षाला ती सरळ बसेलच याची खात्री कुणी देत नाही. गाडीवरच डिस्क कापणारे यंत्र असते आणि ते हा प्रश्न सोडवते, पण असे यंत्र सांभाळणारी ठिकाणे थोडी. म्हणून फेसिंगला सरळ चूक म्हणता येत नाही: जाडी पुरेशी असेल, लेथवाला डिस्क तिच्या हबवर बसणाऱ्या तोंडावरून धरत असेल, आणि परत बसवताना हब साफ करून रनआउट पाहिला जात असेल, तर ते स्वस्त आणि चांगले काम आहे. या तीनपैकी एकही अट पाळली गेली नाही, तर शेकड्यांतले ते बिल पुढे हजारांत जाते.

गॅरेजवाला मोजत का नाही, असे विचारण्याआधी एक सार्वजनिक गोष्ट आठवायला हवी. २५ ऑगस्ट २०१४ रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. स्वतंत्र गॅरेजना अस्सल सुटे भाग, निदानाची साधने आणि दुरुस्तीची तांत्रिक माहिती मिळू दिली जात नाही, हे त्यामागचे कारण, आणि ती खुली करा हा आदेश. प्रकरण पुढे अपिलांत गेले. जुलै २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, डिसेंबरमध्ये त्याचे पोर्टल सुरू झाले, आणि मोटारी हे त्यातले एक क्षेत्र आहे. हे सारे ऐकायला दिल्लीचे वाटते. पण अमुक मॉडेलच्या डिस्कला किती रनआउट चालतो आणि नट किती आवळायचा, हा आकडा असल्फाच्या किंवा भांडुपच्या गॅरेजमध्ये भिंतीवर का लिहिलेला नसतो, याचे एक उत्तर या प्रकरणात आहे. सगळे मात्र नाही. नट आवळण्याचा आकडा ग्राहकाच्या पुस्तिकेतही असतो, आणि किमान जाडी तर बहुतेक डिस्कच्या कडेवर किंवा मधल्या टोपीवर कोरलेली असते. डायल गेज आणि मायक्रोमीटर ही काही परदेशातून मागवायची दुर्मीळ साधने नव्हेत. एका गाडीच्या डिस्क-पॅडला जेवढे पैसे पडतात, त्याच्या आसपास ती दोन्ही येतात.

मग ती घेतली का जात नाहीत? आमच्या मते याचा मोठा दोष ग्राहकाकडे जातो. आपण वस्तूचे पैसे देतो, पाहण्याचे देत नाही. डॉक्टरने काही औषध न देता ‘काळजीचे कारण नाही’ म्हटले तरी आपण फी देतो. मेकॅनिकने तासभर चाक उघडून, मोजून, हब घासून परत बसवले आणि पाचशे रुपये मागितले, तर आपण विचारतो, ‘बदलले काय?’ मग तोही शिकतो. जे विकले जाते तेच तो विकतो. निदानाची मजुरी तो सुट्या भागाच्या किमतीत लपवतो, आणि ती वसूल करायला भाग बदलणे भाग पडते. सर्व्हिस सेंटर हेच मोठ्या प्रमाणावर आणि छापील बिलावर करते.

याच्या विरुद्ध एक बाजू आहे आणि ती वजनदार आहे. मुलुंडहून विमानतळाच्या फेऱ्या मारणाऱ्या अ‍ॅप-टॅक्सीच्या चालकाला गाडी अर्धा दिवस उभी करणे म्हणजे त्या दिवसाच्या कमाईवर पाणी सोडणे. गाडीचा हप्ता थांबत नाही. त्याला मोजमापाचे प्रवचन देणे सोपे आहे. बाजारात परवडणाऱ्या डिस्क मिळत असतील, गाडी दिवसाला दीड-दोनशे किलोमीटर धावत असेल आणि डिस्कवर लाखाच्या आसपास किलोमीटर झाले असतील, तर मोजत न बसता जोडीने बदलून टाकणे हा त्याच्यासाठी शहाणा निर्णय असू शकतो. त्याने एवढेच पाहावे की बदलताना हब घासला जातो आणि कॅलिपरच्या पिना बाहेर काढून साफ करून योग्य ग्रीस लावले जाते. हे अर्ध्या तासाचे काम आहे आणि ते टाळले तर नवी जोडीही फार टिकणार नाही. खासगी गाडीवाल्याची गोष्ट निराळी. त्याची गाडी आठवड्यातून पाच दिवस उभी असते. त्याच्याकडे वेळ असतो, नसतो तो धीर.

‘थरथर असली तरी गाडी थांबते ना?’ हा युक्तिवादही ऐकू येतो. नुसत्या जाडीतल्या फरकाने ब्रेक लगेच निकामी होत नाही, हे खरे. पण हीच थरथर जाम कॅलिपरमुळे, ढिल्या बॉल जॉइंटमुळे, सैल नटांमुळे किंवा तडा गेलेल्या डिस्कमुळेही येऊ शकते, आणि यातले कोणते आहे हे ड्रायव्हरच्या सीटवरून कळत नाही. बोरघाट उतरताना किंवा घोडबंदर रस्त्यावर कंटेनरच्या मागे असताना ते कळून उपयोग नाही. ‘पुढच्या सर्व्हिसिंगला बघू’ हे या बाबतीत चालणारे उत्तर नव्हे. थरथर अचानक सुरू झाली असेल, किंवा कालच टायर काढून बसवला असेल, तर आधी नट तपासा आणि मगच गाडी हलवा.

क्वचित दोष कारखान्यातूनही येतो. ऑक्टोबर २०२२ मध्ये मारुती सुझुकीने वॅगन-आर, सेलेरिओ आणि इग्निस मिळून ९,९२५ गाड्या मागच्या ब्रेकच्या जोडणीतल्या एका पिनेच्या शंकेवरून परत बोलावल्या होत्या. त्यामुळे गाडी नवी असेल तर चासिस नंबर कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून पाहणे हे पहिले काम, त्याला खर्च नाही.

दोन्ही बाजू तोलल्यावर आमचा कौल फेसिंगच्या बाजूने नाही आणि डिस्क बदलण्याच्याही नाही. तो क्रमाच्या बाजूने आहे. आधी गाडी चालवून पाहणे, तीही साठच्या वर, मेकॅनिकला शेजारी बसवून. गॅरेजसमोरच्या गल्लीत मारलेली चक्कर या दोषाला पुरत नाही. मग चाक उचलून बेअरिंग, बॉल जॉइंट, टाय रॉड एंड आणि बुश हलवून पाहणे. मग चाक काढून पिना आणि पॅडची झीज पाहणे: एकाच चाकावर आतला पॅड संपलेला आणि बाहेरचा शाबूत, म्हणजे पिन जाम किंवा पिस्टन अडकलेला. मग डिस्क नटांनी सारखी आवळून डायल गेज लावणे. रनआउट जास्त निघाला तर डिस्क काढून, हब घासून, एक भोक पुढे फिरवून पुन्हा बसवणे आणि परत मोजणे. उंचवटा डिस्कबरोबर फिरला तर दोष डिस्कचा, हबच्या जागीच राहिला तर हबचा किंवा बेअरिंगचा. या एका कृतीने जेवढे कळते तेवढे दहा अंदाजांनी कळत नाही, आणि कधी कधी भोक बदलल्यानेच आकडा मर्यादेत येतो. शेवटी मायक्रोमीटर. जाडी किमान आकड्याच्या जवळ असेल तर बदला, तेही दोन्ही बाजूंच्या आणि नव्या पॅडसह. भरपूर शिल्लक असेल आणि चांगला लेथ असेल तर फेसिंग करा. नवे पॅड टाकल्यावर पहाटे पूर्व द्रुतगती महामार्ग मोकळा असताना साठवरून वीसवर असे आठ-दहा वेळा, मध्ये गार होऊ देत, बेताने ब्रेक मारा. पॅडचा थर डिस्कवर सारखा बसतो. तेवढ्या वेळात पूर्ण थांबून ब्रेक दाबून ठेवू नका.

जो मेकॅनिक हे सर्व करून आकडा सांगेल, त्याला त्या तासाचे पैसे वेगळे आणि घासाघीस न करता द्या, मग त्याने एकही भाग विकलेला नसो. सर्व्हिस सेंटरमध्ये असाल तर रनआउट आणि जाडीचे आकडे जॉबकार्डावर लिहून मागा. ते देणार नसतील, तर बदलाचा सल्ला मानण्याची घाई करू नका. भाग बदलले गेलेच आणि वाद उभा राहिला, तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, १९७५ पासून काम करणारी मुंबई ग्राहक पंचायत आहे आणि उपनगर जिल्ह्याचा ग्राहक आयोग वांद्र्याला आहे. तिथे कागदावरचा आकडा उपयोगी पडतो, सोसायटीतले मत नाही. आणि बिल देण्याआधी जुन्या डिस्क मागून घ्या. त्या तुमच्या मालकीच्या आहेत, आणि किमान जाडीचा आकडा बहुधा त्यांच्यावरच कोरलेला असतो.